ब्लॉगसाठी कोनाडा शोधताना

मागच्या महिन्यात या सदरात स्वतःचं डोमेन कसं घ्यायचं आणि त्यावर वर्डप्रेस कसं बसवायचं ते लिहिलं होतं. त्यावर जे निरोप आले त्यात तांत्रिक अडचण सांगणारे दोनच होते. बाकी सगळ्यांचा प्रश्न एक: साइट झाली, आता लिहू कशावर, आणि पैसे कशात आहेत? टिळकवाडीतून, वडगावातून, खानापुरातून, आणि मूळच्या निपाणीच्या पण आता पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंकडूनही. पैशांचं थेट विचारायला कुणी लाजलं नाही, हे मला आवडलं. हौसेने लिहायचं असेल तर विषय निवडत बसायची गरजच नाही, मनात येईल ते लिहावं. पण रोज नोकरीवरून आल्यावर दोन तास द्यायचे आणि त्यातून घरात चार पैसे यावेत अशी अपेक्षा असेल, तर विषयाची निवड हाच अर्धा धंदा आहे.

अशा निवडलेल्या अरुंद विषयाला इंग्रजीत 'नीश' म्हणतात. शब्द फ्रेंचमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. शहापुरातल्या जुन्या घरांत दाराशेजारी असायचा तसा. त्यात फार काही मावत नाही, पण तिथे ठेवलेला दिवा वाऱ्याने विझत नाही. म्हणून या लेखात मी 'कोनाडा' हाच शब्द वापरणार आहे.

आता बहुतेकांनी पाठवलेली यादी बघा. शेअर बाजार, विमा आणि कर्ज, आरोग्य आणि वजन कमी करणे, मोबाईल रिव्ह्यू, प्रवास, रेसिपी. ही यादी कुठून येते तेही मला माहीत आहे. 'सर्वाधिक कमाई देणारे दहा विषय' अशा नावाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्यातली माहिती खोटी नसते, अर्धी असते. विमा आणि कर्जाच्या जाहिरातींना दर खरोखरच जास्त मिळतो. कारण सोपं आहे. गूगलच्या जाहिरातीची प्रत्येक जागा लिलावात विकली जाते, तुम्ही पान उघडता तेवढ्या क्षणात. गृहकर्ज देणाऱ्या कंपनीला एक गिऱ्हाईक मिळालं की पंधरा-वीस वर्षं व्याज मिळणार, म्हणून ती त्या जागेसाठी जास्त बोली लावते. लोणच्याच्या कंपनीला एक बरणी विकली जाणार, ती कमी बोली लावते. दर विषयावर ठरतो, तसाच वाचक कुठल्या देशात बसलाय यावरही ठरतो. अमेरिकेतला ब्लॉगर जो आकडा दाखवतो तो अमेरिकेतल्या वाचकाचा असतो, चंदगडच्या नव्हे.

आणि जिथे बोली मोठी तिथे दुकानंही मोठी. 'टर्म इन्शुरन्स म्हणजे काय' हे शोधून बघा. पहिल्या पानावर विमा कंपन्या, त्यांची तुलना करणाऱ्या साइट्स आणि मोठी वर्तमानपत्रं. त्यांच्याकडे लिहिणारी माणसं पगारावर आहेत. गणपत गल्लीत सगळ्यात जास्त गर्दी असते हे खरं, पण तिथला गाळा परवडतो कुणाला?

शिवाय या विषयांत नियम आहेत, आणि ते बरे आहेत. कुठला शेअर घ्यावा असा सल्ला पैसे घेऊन द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते, गुंतवणूक सल्लागारांसाठीचे नियम २०१३ पासून आहेत. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या संस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की आर्थिक किंवा आरोग्याच्या मालाची शिफारस करणाऱ्याने आपली पात्रता किंवा नोंदणी उघड करावी. गूगलसुद्धा ज्या विषयात वाचकाचा पैसा किंवा जीव अडकलेला असतो तिथे लिहिणाऱ्याला जास्त कडक तपासतं. डॉक्टर नसताना मधुमेहावर लिहून पोट भरू नये, हे नियम नसते तरी मी म्हटलंच असतं.

जाहिरातींचं गणित एकदा कागदावर मांडू. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे वेगळे येतील. समजा हजार वाचनांमागे पन्नास रुपये मिळाले आणि महिन्याला दहा हजार वाचनं झाली. दहा हजार ही नव्या साइटसाठी मोठी गोष्ट आहे, तिथे पोचायला वर्षही लागू शकतं. हाती काय आलं? पाचशे रुपये. अ‍ॅडसेन्स शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. म्हणजे दहा हजार वाचनं सुरू झाल्यावरही पहिला हप्ता मिळायला दीड वर्ष. एवढ्या काळात उत्साह टिकवणारी माणसं असतात, पण मी फार पाहिली नाहीत.

आता दुसरं गणित. तुमच्याकडे महिन्याला फक्त तीनशे वाचक येतात, पण ते सगळे एका विशिष्ट वस्तूच्या खरेदीच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्यातल्या पाच जणांनी तुमच्याकडून दोनशे रुपयांची एक सेवा घेतली तर हजार रुपये झाले. वाचक तेहतीस पटीने कमी, पैसे दुप्पट. म्हणून 'कुठला विषय जास्त वाचला जातो' हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरला टाकतो. पहिला प्रश्न: हा वाचक येतो तेव्हा कुठल्या निर्णयापाशी उभा असतो, आणि त्या निर्णयात कुणाचा पैसा आहे?

याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे अमेरिकेतली 'वायरकटर' ही साइट. ब्रायन लॅम नावाचा माणूस आधी गिझमोडो या गॅजेटच्या बातम्या देणाऱ्या साइटचा संपादक होता. तिथे दिवसाला ढिगाने बातम्या. २०११ मध्ये त्याने वायरकटर काढली ती उलट्या पद्धतीची: रोज बातमी नाही, एका प्रकारातली कुठली वस्तू घ्यावी याचं एक उत्तर, भरपूर तपासून दिलेलं. वाचक तिथे वेळ घालवायला येत नव्हता, विकत घ्यायला येत होता. त्या दुव्यावरून खरेदी झाली की दुकानाकडून कमिशन. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती साइट तीन कोटी डॉलरच्या आसपास किमतीला घेतली.

आपल्याकडे अमित अगरवाल यांचं नाव घ्यायला हवं. आयआयटी रुडकीचे इंजिनिअर, नोकरी सोडून २००४ मध्ये 'डिजिटल इन्स्पिरेशन' सुरू केलं, आणि भारतात ब्लॉग हा पूर्णवेळ व्यवसाय करणाऱ्या पहिल्या लोकांत त्यांची गणना होते. त्यांचा कोनाडा 'कॉम्प्युटर' एवढा रुंद नाही. 'मला हे एवढं काम करायचंय, ते कसं करू' असा तो कोनाडा. गूगल शीटमधून शंभर जणांना वेगवेगळं पत्र कसं पाठवू, अशा छापाचं. लोक सारखं तेच विचारतात हे दिसल्यावर त्यांनी त्या कामाची छोटी सॉफ्टवेअरच बनवून विकायला ठेवली. लेख वाचायला फुकट, अवजार विकत. लिहिण्यातून गिऱ्हाईकाची अडचण कळते, आणि ती कळणं हीच खरी कमाई, असं मला वाटतं. (नोकरी सोडायचा भाग मात्र कृपया एकदम उचलू नका. २००४ सालचं इंटरनेट वेगळं होतं.)

मराठीत लिहू की इंग्रजीत, हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. बेळगावच्या घरात तो जरा जास्तच टोचतो. शाळा मराठी, कॉलेज इंग्रजी, ऑफिसात कन्नड आणि इंग्रजी. अ‍ॅडसेन्सने हिंदीला २०१४ मध्ये दार उघडलं, मराठीला २०१८ मध्ये. पण दार उघडलं म्हणजे भाव आला असं नाही. केवळ जाहिरातींवर जगायचं ठरवलंत तर मराठी पान इंग्रजीच्या मागेच राहणार, त्याला भावनेने उत्तर नाही. जिथे वाचक तुमच्याकडून काही विकत घेणार आहे, किंवा तुमच्यामुळे एखाद्या स्थानिक दुकानदाराकडे जाणार आहे, तिथे हिशेब फिरतो. कारण तिथे विश्वास लागतो, आणि माणूस अडचणीत असताना ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत तो लवकर बसतो.

त्यात आणखी एक बदल झालाय. २०२४ पासून आपल्याकडेही गूगलच्या शोधात पुष्कळदा सगळ्यात वर एआयने तयार केलेलं उत्तर दिसतं. 'म्युच्युअल फंड म्हणजे काय' विचारणाऱ्याला तिथेच उत्तर मिळालं की तो खाली तुमच्या साइटवर कशाला येईल? त्याच वर्षी मार्चमध्ये गूगलने थोक भावात तयार केलेल्या मजकुराविरुद्धचे नियमही कडक केले. एआयकडून रोज दहा लेख लिहून घेऊन साइट भरण्याचा उद्योग कुणी सुचवला तर त्याला हे सांगा. याच्याही आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, गूगलने मजकुराची गुणवत्ता तपासण्याच्या आपल्या मार्गदर्शिकेत 'अनुभव' हा निकष घातला: लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केलंय का? म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेली माहिती नीट मांडणं, हे जे आपण शाळेच्या निबंधापासून करत आलो, त्याची किंमत उतरली. जी गोष्ट अजून कुणी लिहूनच ठेवलेली नाही तिची राहिली.

आता आपल्या भागातले चार विषय घेऊन बघू. हे चारही गेल्या महिन्यात मला कुणी ना कुणी सुचवलेले आहेत.

पहिला, खाणं. बेळगावचा कुंदा, गोकाकचा करदंट, मांडे. मराठी रेसिपींची गल्ली भरून वाहतेय आणि तिथले राजे-राण्या यूट्यूबवर आहेत. 'फक्त बेळगावी पदार्थ' म्हटलं तर कोनाडा होतो खरा, पण कागद घेऊन चाळीस लेखांची शीर्षकं लिहायला बसा. बाराव्या-पंधराव्या नावापाशी पेन थांबतं. चाळीस शीर्षकं निघाली नाहीत तर तो कोनाडा नाही, एका रविवारचा लेख आहे. मात्र जिच्या घरी पदार्थ करून विकायचा धंदा आधीच आहे तिने जरूर लिहावं. तिथे ब्लॉग म्हणजे दुकानाची पाटी, आणि पाटीला पंधरा लेख पुरतात.

दुसरा, व्हीटीयूच्या बीईच्या नोट्स. विद्यापीठाचं मुख्यालय आपल्याच गावात, तेव्हा हे सुचणं साहजिक आहे. परीक्षेच्या आधी वाचकांचा पूर येतो, निकालानंतर चिटपाखरू नाही. वाचक कोण, तर महिनाअखेरीला मेसच्या पैशांची जुळवाजुळव करणारा विद्यार्थी. मी तो होतो, मला ठाऊक आहे. आम्ही नोट्सवर एक रुपया खर्च केला नाही. शिवाय दुसऱ्याच्या पुस्तकातली पानं चढवली तर ती चोरीच.

तिसरा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. सीमाभागातल्या मराठी कुटुंबात जमिनीचे कागद कन्नडमध्ये असतात. महाराष्ट्रात सातबारा, इथे पहाणी, म्हणजे आरटीसी. कर्नाटकाने 'भूमी' प्रकल्पात हे उतारे संगणकावर आणून पंचवीसेक वर्षं होत आली, उतारा ऑनलाइन निघतो, पण त्यातला कुठला रकाना काय सांगतो हे मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कळत नाही. आजोबा गेल्यावर वारसा नोंदवायची वेळ येते तेव्हा घरातला एखादा इंजिनिअर मुलगा तो कागद हातात घेऊन नुसता बघत बसतो. हे मराठीत समजावून सांगणारं कुणीतरी हवंच.

गरज मोठी, मग पैसे? इथे गंमत आहे. या वाचकापर्यंत पोचायची इच्छा कुणाला असेल, तर वकिलांना. पण बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे भारतात वकिलाला आपली जाहिरात करता येत नाही. म्हणजे ज्याला गिऱ्हाईक हवंय तो पैसे देऊ शकत नाही. ज्याला माहिती हवीय तो आयुष्यात एकदा येतो आणि परत येत नाही. उरतं काय, तर कागद वाचून दाखवण्याची, भाषांतराची किंवा अर्ज भरून देण्याची स्वतःची सेवा. दोन्ही भाषा चांगल्या येणारा आणि आधीपासून हे काम करणारा कुणी असेल तर त्याच्यासाठी हा सोन्याचा कोनाडा आहे. माझ्यासारख्याने ऐकीव माहितीवर लिहिला आणि एका रकान्याचा अर्थ चुकला, तर कुणाची तरी जमीन अडकेल. गरज आहे एवढ्यावर विषय घेऊ नये, जबाबदारी पेलवते का तेही बघावं.

चौथा विषय माझ्या मावसभावाचा. तो उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. आयटीआय करून ऑपरेटर म्हणून लागला, सेटर झाला, आता एका पाळीच्या सगळ्या सीएनसी मशीन त्याच्याकडे. मावशीचा मला फोन आला तो काळजीचा. "अरे, हा नोकरी सोडतो म्हणतोय. कुठलातरी कोर्स लावणार आहे तीस हजारांचा, शेअर मार्केटवर लिहायचा. घरात लहान मूल आहे, तू तरी सांग की त्याला." मी त्याला गाठलं, तर त्याची बाजूही चुकीची नव्हती. रात्रपाळीने कंबर मोडलीय आणि पगार एका जागी थांबलाय. "दादा, मशीनवर म्हातारा होऊ काय?" याला काय उत्तर द्यायचं?

शेअर बाजारातलं त्याला किती कळतं ते मी विचारलं नाही. मशीनवरच्या पोरांना तो रोज काय सांगतो ते विचारलं. त्यावर तो पाऊण तास बोलला. जॉब ओव्हल येतोय, तर पातळ भिंतीच्या कास्टिंगला चकचं प्रेशर जास्त लागलंय का ते आधी बघ, प्रोग्रामला हात लावू नको. टेपर येतोय, तर टेलस्टॉकची लाइन तपास. कास्टिंगची वरची कातडी कडक असते, वाळूचे कण राहिलेले असतात, पहिल्या कटला इन्सर्ट का उडतो. जी ५४ आणि टूल ऑफसेट यांत नवीन पोरगं गोंधळलं की मशीन कुठे जाऊन आपटतं. बॅटरीचा अलार्म आला तर बॅटरी मशीन चालू ठेवूनच बदलायची, कारण बंद करून काढली की मशीनला आपल्या शून्याची जागा आठवत नाही आणि मग अख्खी पाळी वाया जाते. हे सगळं त्याने एका लाल वहीत मराठीत लिहून ठेवलंय, नवीन पोरांना दाखवायला. वहीच्या कडा तेलाने काळ्या झाल्यात.

मी त्याला म्हटलं, कोनाडा तुझ्या हातात आहे.

का ते सांगतो. वाचक कोण, तर बेळगाव, कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव, पुण्याजवळचं चाकण, इथल्या कारखान्यांत लागलेली मराठी मुलं. मशीनबरोबर येणारी पुस्तकं इंग्रजीत. या मुलांना इंग्रजी वाचता येत नाही असं नाही, पण पाळीत अलार्म वाजत असताना, मागे सुपरवायझर उभा असताना, इंग्रजी परिच्छेद डोक्यात शिरत नाही. अशा वेळी ती मोबाईल काढून शोधतात. निर्णय कुठला, तर हा जॉब रिजेक्शनमध्ये जाऊ नये. पैसा कुणाचा? इन्सर्ट आणि टूल विकणाऱ्यांचा, जुन्या मशीनची खरेदी-विक्री करणाऱ्यांचा, ट्रेनिंग सेंटरवाल्यांचा, आणि चांगला ऑपरेटर मिळत नाही म्हणून त्रासलेल्या कारखानदारांचा. हे सगळे याच पट्ट्यातले, फोनवर मराठीत बोलणारे. चाळीस शीर्षकं? त्याने त्याच रात्री साठ पाठवली. आणि एआयने हे सगळं वाचलेलं आहे का? जी-कोडची पुस्तकं वाचलेली आहेत. आपल्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगला पहिला कट कसा घ्यावा, हे त्या लाल वहीत आहे.

कोर्स लावला नाही, नोकरीही सोडली नाही. सात महिन्यांत एकोणीस लेख झालेत, रविवारी एक या हिशेबाला बऱ्याच दांड्या आहेत. जाहिराती अजून लावलेल्याच नाहीत, मीच थांबवलंय. कमाई म्हणाल तर इन्सर्टच्या एका विक्रेत्याने सहा महिन्यांसाठी पानावर नाव लावायला थोडे पैसे दिले, आणि एका छोट्या कारखानदाराने दोन नव्या पोरांना चार रविवार शिकवायला बोलावलं. त्या चार रविवारांचे पैसे जाहिरातीच्या दीड वर्षाच्या हिशेबापेक्षा जास्त होते. यावर घर चालत नाही. मावशीची काळजी मात्र आता मुलाच्या नोकरीवरून त्याच्या जागरणावर आली आहे.

दोन गोष्टी त्याला मी बजावून सांगितल्या, त्या तुम्हालाही लागू होतील. कारखान्यातला गिऱ्हाईकाचा ड्रॉइंग, त्यांच्या जॉबचा फोटो, मशीनच्या स्क्रीनवरचा त्यांचा प्रोग्राम, यातलं काहीही लेखात येता कामा नये. ती मालकाचीही मालमत्ता नसते, पुढच्या कंपनीची असते. उदाहरणासाठी स्वतः साधा ड्रॉइंग काढायचा. आणि मालकाला आधी सांगायचं. आयटीवाल्यांनी तर नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचावंच. विक्रेत्याकडून पैसे घेतलेत तर लेखात तसं स्पष्ट लिहायचं, आणि ते पैसे आयकराच्या विवरणपत्रात दाखवायचे. पगारातून टीडीएस कापला जातो म्हणून हेही त्यात आलं असं होत नाही.

तुमचा विषय तपासायला पैसे लागत नाहीत, पंधरा दिवस लागतात. आधी चाळीस शीर्षकं. मग त्यातली दहा गूगलमध्ये स्वतः शोधून बघा, देवनागरीत आणि आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तशा रोमन लिपीतल्या मराठीतही. आपली निम्मी माणसं तशीच शोधतात, हे विषय सुचवणारे विसरतात. पहिल्या पानावर काय दिसतं? वर्तमानपत्रं आणि मोठ्या कंपन्या असतील तर सोडा. जुनाट पीडीएफ, चार ओळींचं अर्धवट उत्तर, किंवा भलत्याच विषयाचं पान वर येत असेल तर जागा मोकळी आहे. त्या पानावर जाहिराती दिसतात का तेही बघा, दिसल्या तर त्या शब्दासाठी कुणीतरी पैसे मोजतंय. गूगल ट्रेंड्स फुकट आहे, पण त्यातले शून्य ते शंभर हे आकडे माणसांची संख्या सांगत नाहीत. त्या काळातल्या सर्वोच्च शोधाला शंभर धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवलेलं असतं. त्याचा उपयोग ऋतू कळायला होतो. चोर्ला घाट आणि आंबोलीवर लिहायचं म्हणणाऱ्या खानापूरच्या मित्राने तो आलेख जरूर बघावा. पावसाळ्यात लोक ओतणार, उरलेलं वर्ष काय करायचं ते आधी ठरवावं.

त्यानंतर दहा लेख लिहून टाका, रंगरंगोटी नको. साइट सर्च कन्सोलला जोडा, तेही फुकट आहे. तीन महिन्यांनी तिथे दिसेल की लोक कुठले शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले. मावसभावाला वाटलं होतं लोक प्रोग्रामिंगसाठी येतील. आले ते अलार्मसाठी. मग त्याने पुढचे लेख अलार्मवर वळवले.

ज्यांनी निरोप पाठवलेत त्यांनी आता विषयाचं नाव न कळवता चाळीस शीर्षकांची यादी पाठवावी. निपाणीच्या ताईंनी 'बाळाचे कपडे घरी शिवणे' असं एक सुचवलंय, त्यांची यादी वाचायची मला खरंच उत्सुकता आहे. पुढच्या महिन्यात आलेल्या याद्यांपैकी दोन-तीन घेऊन बसू, पाठवणाऱ्याचं नाव न छापता.